सनसनाटी बातम्या आणि आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बातम्या बघून डोकं उठतं पण बघणं सुटत नाही, अशी तक्रार आजकाल जवळपास प्रत्येकजण करतो, आणि त्यावर विचारले जाणारे प्रश्नही साधारण तेच तेच असतात. ते सगळे इथे एका जागी घेतलेत.

सनसनाटी बातमी म्हणजे खोटी बातमीच ना?

नाही, आणि हा फरक आधी नीट लक्षात घ्या कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. खोट्या बातमीत जे घडलंच नाही ते सांगतात. सनसनाटी बातमीत बऱ्याचदा एकेक वाक्य खरं असतं, घटना घडलेली असते, व्हिडिओ खरा असतो, माणूस खरंच तसं बोललेला असतो, फक्त प्रमाण पार बिघडवलेलं असतं. छोट्या गोष्टीला दिवसभर आणि मोठ्या गोष्टीला अर्धं मिनिट. लाखात एखाद्याच्या बाबतीत घडलेलं अशा आवाजात सांगायचं की ऐकणाऱ्याला वाटावं उद्या आपलाच नंबर.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मृत्यूच्या बातम्यांचं आहे. अमेरिकेतले लोक कशाने मरतात आणि न्यू यॉर्क टाइम्स आणि गार्डियन हे पेपर कोणत्या मृत्यूंबद्दल लिहितात याची २०१६ च्या आकड्यांवरून तुलना केली गेली. तपासलेल्या कारणांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू साधारण ३० टक्के होते आणि त्याबद्दलचा मजकूर २-३ टक्के. दहशतवादाने होणारे मृत्यू ०.०१ टक्क्याहून कमी, आणि त्याबद्दलचा मजकूर सुमारे एक तृतीयांश! आणि हे दोन्ही नावाजलेले, गंभीर मानले जाणारे पेपर आहेत. त्यातल्या बातम्या खऱ्या धरल्या, तरी रोज ते वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यात जगाचं जे चित्र तयार होईल ते चुकीचंच असेल.

म्हणूनच नुसत्या फॅक्ट चेकने हा प्रश्न सुटत नाही. फॅक्ट चेकवाला म्हणतो घटना खरी आहे, आणि तिथे त्याचं काम संपतं.

हे सगळं टीव्ही आणि मोबाईल आल्यावरच सुरू झालं ना? आधीचे पेपर तर चांगले होते.

आधीचे पेपरही धुतल्या तांदळासारखे नव्हते. १८३३ मध्ये न्यू यॉर्कमध्ये बेंजामिन डे याने 'सन' नावाचा पेपर एका सेंटला विकायला काढला, तेव्हा बाकीचे पेपर सहा सेंटला मिळायचे. एवढ्या कमी किमतीत पेपर परवडायचा तर खप प्रचंड पाहिजे आणि खपावर जाहिराती पाहिजेत, आणि खप वाढवायला गुन्हे, अपघात, कोर्टातली प्रकरणं. दोनच वर्षांनी, १८३५ मध्ये, याच पेपरने चंद्रावर पंख असलेली माणसं दिसल्याची मालिका छापली आणि ती एका खऱ्या, नामवंत खगोलशास्त्रज्ञाच्या नावावर खपवली. लोकांनी ती चवीने वाचली.

पुढे १८९० च्या दशकात पुलित्झर आणि हर्स्ट या दोन मालकांची खपासाठी चढाओढ लागली, पीत पत्रकारिता म्हणतात ती हीच. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या क्युबात, हवानाच्या बंदरात मेन नावाची अमेरिकन युद्धनौका स्फोटात बुडाली, अडीचशेहून जास्त नाविक गेले, स्फोट कशाने झाला हे कोणालाच माहीत नव्हतं, पण या पेपरांनी स्पेनला दोषी धरून मोकळं केलं आणि एप्रिलमध्ये युद्ध सुरू झालं. युद्ध फक्त पेपरमुळे झालं असं बहुतेक इतिहासकार मानत नाहीत, कारणं बरीच होती, पण वातावरण तापवण्यात त्यांचा हात होता हे नक्की. आणि ज्या पुलित्झरच्या नावाने आज पत्रकारितेतला सगळ्यात मानाचा पुरस्कार दिला जातो तो हाच पुलित्झर. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण यातून एक आशा वाटते की माणसं आणि संस्था सुधारू शकतात.

आज वेगळं काय आहे तर वेग आणि मोजमाप. तेव्हाच्या संपादकाला दुसऱ्या दिवशी कळायचं की अंक खपला की नाही, आता दर मिनिटाला स्क्रीनवर दिसतं की कोणत्या शब्दावर लोक थांबले.

पत्रकार असं का करतात? सगळे विकले गेलेत का?

सगळे विकले गेलेत म्हणणं सोपं आहे पण त्याने काहीच कळत नाही. धंदा कसा चालतो ते बघा म्हणजे जास्त कळेल.

अमेरिकेतलं सीएनएन हे चॅनेल १९८० मध्ये सुरू झालं आणि चोवीस तास बातम्या ही कल्पना जगभर गेली. आता चोवीस तास भरायचे म्हणजे काय याचा विचार करा. खरी बातमी आणायला माणूस पाठवावा लागतो, प्रवास, राहणं, कॅमेरा, कागदपत्रं मिळवणं, आठवडा आठवडा एका विषयावर बसणं, आणि एवढं करून कधीकधी हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा स्टुडिओत सहा जणांना बसवून भांडायला लावलं की एक तास अगदी स्वस्तात भरतो. पॅनेलवरचे लोक आरडाओरडा का करतात याचं उत्तर अर्ध्याहून जास्त या हिशोबात आहे, शांतपणे बोलणाऱ्याला पुढच्या वेळी बोलवत नाहीत.

मग आले प्लॅटफॉर्म. यूट्यूबने २०१२ मध्ये नुसत्या व्ह्यूजऐवजी व्हिडिओ किती वेळ बघितला जातो त्याला महत्त्व द्यायला सुरुवात केली, म्हणून आता उत्तर शेवटच्या मिनिटात येतं आणि तोपर्यंत "पुढे बघा काय झालं" चालू असतं. फेसबुकने २०१७ मध्ये रागाच्या इमोजीला साध्या लाईकच्या पाचपट वजन दिलं होतं, ते पुढे कमी करत करत २०२० मध्ये शून्यावर आणलं. ही मधली वर्षं आठवा, त्या काळात जो मजकूर लोकांना चिडवायचा तो जास्त लोकांपर्यंत जायचा, आणि हे ज्या न्यूजरूमला कळलं तिने तसाच मजकूर बनवला. यात कोणी बसून कट केला नव्हता, पण परिणाम तोच झाला.

आतले बरेच पत्रकार यावर खूश नसतात. ज्याने तीन महिने खपून एखादी बातमी काढली तिला कोपरा आणि कुणाच्या तरी लग्नातल्या भांडणाला पहिलं पान, हे बघून त्यालाही त्रास होतोच. म्हणून रिपोर्टरला शिव्या घालण्याआधी हेडलाईन कोणी दिली, टिकर, म्हणजे स्क्रीनखालची धावती पट्टी, कोणी लिहिला, थंबनेल कोणी बनवलं हे वेगळे लोक असतात एवढं लक्षात ठेवा.

पण लोकांनाच तसं आवडतं ना? ते देतात कारण आपण बघतो.

क्लिक करणं आणि आवडणं यात फरक आहे. अपघात दिसला की मान वळते, याचा अर्थ माणसाला अपघात आवडतात असा होत नाही.

मान मात्र वळते, आणि हे मोजलं गेलंय. २०२३ मध्ये नेचर ह्यूमन बिहेवियर या जर्नलमध्ये एक अभ्यास आला, त्यात एकाच बातमीला वेगवेगळ्या हेडलाईन लावून बघितलेल्या सुमारे १,०५,००० हेडलाईनचा डेटा होता. सरासरी लांबीच्या हेडलाईनमध्ये एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण सुमारे २.३ टक्क्यांनी वाढायचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्याचं पोट क्लिकवर आहे त्याला दर हेडलाईनमागे एवढा फायदा खूप झाला. त्याआधी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी 'सायन्स' या जर्नलमध्ये ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा अभ्यास मांडला होता, त्यात खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली, आणि ते बॉट्समुळे (आपोआप चालणाऱ्या खात्यांमुळे) कमी आणि आपल्यासारख्या माणसांमुळे जास्त होतं. कारण खोट्यात नवल असतं.

आता दुसरी बाजू. पत्रकारितेचा अभ्यास करणाऱ्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या अहवालात वेगवेगळ्या देशांतल्या ३९ टक्के लोकांनी सांगितलं की आम्ही कधीकधी किंवा बऱ्याचदा बातम्या टाळतो, २०१७ मध्ये हा आकडा २९ टक्के होता. लोकांना हे सगळं खरंच आवडत असतं तर दहापैकी चार जण पळाले नसते. म्हणजे क्लिक वाढवता वाढवता गिऱ्हाईकच चाललंय. मला वाटतं मालकांना पटवून द्यायला यापेक्षा चांगला मुद्दा नाही.

थोडं तिखटमीठ लावलं तर एवढं काय बिघडतं?

बिघडतं. भीती, अविश्वास आणि प्रत्यक्ष जीव, तिन्ही.

भीतीचं आधी. जॉर्ज गर्बनर या अभ्यासकाने १९७० च्या दशकात दाखवलं की जास्त टीव्ही बघणाऱ्यांना जग आहे त्यापेक्षा जास्त क्रूर वाटतं. अमेरिकेत १९९३ नंतर हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं, पण त्याच काळातल्या जवळपास प्रत्येक पाहणीत बहुतेक लोक सांगत राहिले की देशात गुन्हे वाढलेत. आणि २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाला त्यानंतरच्या एका अभ्यासात तर असं दिसलं की पुढचा आठवडाभर रोज सहा तास किंवा जास्त त्या बातम्या बघणाऱ्यांना, प्रत्यक्ष तिथे असलेल्या लोकांपेक्षाही जास्त तीव्र ताण जाणवला. हे वाचून मला धक्काच बसला होता. घरात सुरक्षित बसलेला माणूस प्रत्यक्ष तिथे असलेल्यापेक्षा जास्त हादरलेला!

मग माणसांचं नुकसान. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये एका सिक्युरिटी गार्डने बॉम्ब असलेली बॅग वेळेत ओळखली आणि लोकांना बाजूला केलं, कितीतरी जीव वाचले. काही दिवसांतच तपासाची नजर त्याच्याकडे वळल्याचं फुटलं आणि मीडियाने त्यालाच बॉम्बवाला करून टाकलं, घराबाहेर कॅमेऱ्यांचा पहारा. जवळपास तीन महिन्यांनी सरकारने सांगितलं की तो संशयित नाही. खरा गुन्हेगार दुसराच होता, पुढे त्याने कबुलीही दिली. पण बदनामी पहिल्या पानावर आणि सुटका आत कुठेतरी, हे असंच होतं आणि आजही होतं.

आणि आरोग्य. १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये फक्त १२ मुलांवरचा एक शोधनिबंध आला, त्यातून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा ऑटिझमशी संबंध असल्याची शंका पसरली. १२ मुलं! त्या एवढ्याशा पायावर ब्रिटिश मीडियाने काही वर्षं हा विषय पेटता ठेवला, "एक बाजू आणि दुसरी बाजू" म्हणून हजारो डॉक्टरांसमोर एका माणसाला बरोबरीने बसवलं, इंग्लंडमधलं लसीकरण ८० टक्क्यांच्या आसपास घसरलं, गोवर परत आला. लॅन्सेटने तो शोधनिबंध २०१० मध्ये मागे घेतला, संबंध काही नव्हता, पण संशय आजही जगभर फिरतोय.

"धोका दुप्पट", "शक्यता ५० टक्क्यांनी वाढली" अशा बातम्या कशा वाचायच्या?

एकच प्रश्न विचारायचा: कशाच्या दुप्पट?

१९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा आला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, म्हणजे १०० टक्क्यांनी वाढतो. बातमी सगळीकडे तशीच चालली. मूळ आकडा होता ७,००० बायकांमागे १, तो झाला ७,००० मागे २. घाबरून असंख्य बायकांनी गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. त्यातून वाईट म्हणजे गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. "दुप्पट" हा शब्द खोटा नव्हता, फक्त सात हजार हा आकडा सांगितला नाही.

म्हणून टक्के दिसले की मूळ आकडा शोधा, "इतक्यांपैकी किती" या भाषेत तो कुठे दिलाय का बघा. नसेल दिला तर बातमी अर्धवट आहे असं समजा आणि त्यावरून औषध बंद करणं वगैरे अजिबात करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

हेडलाईनवरून ओळखता येतं का?

बऱ्यापैकी. हेडलाईनच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर जरा सावध व्हा, कारण पक्का पुरावा असता तर त्यांनी बहुतेक सरळ विधान केलं असतं. "धक्कादायक", "खळबळ", "हादरवून टाकणारं" हे शब्द तुम्हाला काय वाटावं ते सांगतात, काय झालं ते सांगत नाहीत. ते शब्द खोडून हेडलाईन परत वाचा, बऱ्याचदा उरतच काही नाही. "सूत्रांनी सांगितलं" म्हणजे दरवेळी खोटं असं नसतं, चांगल्या शोधपत्रकारितेलाही नाव न सांगणारे लोक लागतात, पण मग त्या माणसाला हे कसं माहीत असेल, तो कोणत्या पदावर आहे, नाव का लपवलंय एवढं तरी बातमीत पाहिजे. आणि सोशल मीडियावरच्या चार पोस्ट लावून "लोक संतापले" म्हणत असतील तर सोडून द्या. चार लोक कुठेही संतापलेले मिळतात.

ब्रेकिंग न्यूज लागली की काय करायचं?

थांबायचं. मोठ्या घटनेनंतरच्या पहिल्या काही तासांत मृतांचा आकडा, किती हल्लेखोर, कोण, का, यातलं बरंचसं चुकीचं निघतं, आणि यात दरवेळी वाईट हेतू असतो असंही नाही, खरंच कुणालाच काही माहीत नसतं. पण चॅनेलला "माहीत नाही" म्हणून गप्प बसता येत नाही, म्हणून तेच व्हिज्युअल फिरवत अंदाज लढवत राहतात. तुम्ही तिथे राहत असाल किंवा तुमचं माणूस तिथे असेल तर प्रशासनाच्या सूचना बघा, ते गरजेचं आहे. बाकीच्यांनी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी एकदा वाचलं तर दिवसभर बघणाऱ्यापेक्षा जास्त आणि जास्त बरोबर कळतं.

बीबीसीने १८ एप्रिल १९३० ला संध्याकाळच्या बुलेटिनमध्ये सांगितलं होतं की आज बातमी नाही, आणि उरलेला वेळ पियानो वाजवला. आज कोणी असं करेल अशी अपेक्षा नाही, पण प्रेक्षक म्हणून आपण तरी हे मान्य करू शकतो की काही तासांत सांगण्यासारखं खरंच काही नसतं.

लाईव्ह दाखवण्यात काय वाईट आहे? जे आहे तेच तर दाखवतात.

१९८८ मध्ये जर्मनीत ग्लाडबेक इथे बँक लुटारूंनी लोकांना ओलीस धरलं आणि दोन दिवस ते गाडी, बस बदलत फिरत होते. पत्रकार त्यांच्या मुलाखती घेत होते, ओलिसांच्या डोक्याला पिस्तूल असताना त्यांना प्रश्न विचारत होते, एक पत्रकार तर लुटारूंच्या गाडीतच बसला. दोन ओलीस मारले गेले. त्यानंतर तिथल्या प्रेस कौन्सिलने नियम केला की गुन्हा चालू असताना गुन्हेगारांची मुलाखत घ्यायची नाही. २६/११ ला कमांडोंच्या हालचाली लाईव्ह दाखवल्या गेल्या, हल्लेखोरांचे सूत्रधार सीमेपलीकडून टीव्ही बघून फोनवर सूचना देत होते, आणि २०१२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने चॅनेलना यावरून कडक शब्दांत सुनावलं. कॅमेरा तिथे असला की घटनेवर परिणाम होतो, म्हणून "आम्ही फक्त दाखवतो" हे उत्तर पटण्यासारखं नाही.

आत्महत्येच्या बातम्यांबद्दल एवढी काळजी का घ्यायला सांगतात?

कारण इथे बातमी कशी दिली यावर खरोखर जीव अवलंबून असतात. प्रसिद्ध माणसाच्या आत्महत्येच्या भडक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात हे १९७४ पासून अभ्यासांमध्ये वारंवार दिसलंय. उलटंही दिसलंय, आणि ते जास्त महत्त्वाचं. व्हिएन्नात मेट्रोखाली होणाऱ्या आत्महत्या वाढत होत्या, पेपर त्या रंगवून छापायचे, १९८७ मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी पत्रकारांसाठी सूचना केल्या, पेपरांनी त्या मानल्या आणि अशा आत्महत्या झटकन खूप कमी झाल्या. कठीण काळातून बाहेर आलेल्या लोकांच्या गोष्टी छापल्या तर त्याचा चांगला परिणाम होतो असंही पुढे दिसलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना अगदी साध्या आहेत: पद्धत वर्णन करू नका, जागा ठळक करू नका, एकच कारण देऊन मोकळे होऊ नका, चिठ्ठी छापू नका, मदत कुठे मिळेल ते द्या. एखाद्या चॅनेलने हे मोडलं तर ती बातमी शेअर करू नका, "बघा किती वाईट दाखवतायत" असं म्हणूनही नको, आणि तक्रार नक्की करा. आणि स्वतःला किंवा ओळखीच्या कुणाला असे विचार येत असतील तर बातम्या बाजूला ठेवा आणि आजच जवळच्या माणसाशी, डॉक्टरांशी किंवा हेल्पलाईनवर बोला.

मग बातम्या बघायच्याच बंद केल्या तर?

थोडे दिवस ब्रेक घेतला तर काही बिघडत नाही, झोप येत नसेल तर घ्याच. पण कायमचं सोडणं मला बरोबर वाटत नाही. आपण बघणं सोडलं म्हणून निर्णय थांबत नाहीत, फक्त ते कोणी आणि का घेतले हे आपल्याला कळत नाही. आणि शहाणे लोक निघून गेले की उरलेल्या प्रेक्षकांसाठी बातम्या आणखी भडक होतात.

रोजच्या रोज कसं ठेवायचं मग?

नोटिफिकेशन बंद करा, हे पहिलं, बाकी काही नाही केलं तरी हे करा. दिवसातून एकदा किंवा दोनदा ठरलेल्या वेळी बातम्या, झोपायच्या आधी नको. शक्यतो वाचा, कारण वाचताना वेग आपल्या हातात असतो आणि मागे वळून तपासता येतं, व्हिडिओत संगीत आणि अँकरचा आवाज आपल्याला ओढत नेतो. एक दैनिक, एक साप्ताहिक किंवा मासिक, आणि तुम्हाला ज्यात खरंच रस आहे अशा एका विषयावरचं काहीतरी खोल, एवढं बहुतेकांना पुरतं.

एखादी बातमी महत्त्वाची वाटली तर त्याच पानावर बसून विचार करत राहू नका, बाहेर पडा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि फॅक्ट चेकर यांना अनोळखी वेबसाईट तपासायला दिल्या. प्राध्यापक आणि विद्यार्थी पानावरचा लोगो, भाषा, डिझाईन बघत बसले आणि बऱ्याचदा फसले. फॅक्ट चेकर काही सेकंदांत नवीन टॅब उघडून ही साईट कोणाची आहे, बाकीचे काय म्हणतात हे बघायला गेले आणि लवकर आणि बरोबर उत्तरावर आले. हे कुणालाही जमतं. फोटोसाठी रिव्हर्स इमेज सर्च करा, म्हणजे फोटोच टाकून तो आधी कुठे आलाय ते शोधा, जुना फोटो नव्या घटनेला लावलेला असेल तर बऱ्याचदा लगेच सापडतो.

फॅमिली ग्रुपवर मोठी माणसं असं काहीही पाठवतात, त्यांना कसं सांगायचं?

सगळ्यांसमोर चूक काढू नका, माणूस मग बातमी सोडून स्वतःची इज्जत वाचवत बसतो. वेगळा मेसेज करा किंवा फोन करा. "काका, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ बघितला, तो तीन वर्षं जुना निघाला, ही मूळ लिंक" एवढं पुरे. त्यांनी काळजीपोटी पाठवलेलं असतं हे आधी मान्य करा. फोनवर बोलताना शोधायचं कसं हेही दाखवून दिलंत तर पुढच्या वेळी कदाचित स्वतःच बघतील. भडकाऊ आणि कुणाच्या जिवावर उठणारं काही असेल तर मात्र तेव्हाच ग्रुपवर स्पष्ट लिहा, तिथे भीड ठेवायची नाही.

मुलं सोबत बसलेली असतात तेव्हा?

लहान मुलांना एकच दृश्य दहा वेळा दिसलं की ती घटना दहा वेळा घडली असं वाटू शकतं. बंद करा. मोठी मुलं तर फोनवर बघणारच, त्यांना बंदीपेक्षा सोबत जास्त उपयोगी. एकच बातमी दोन ठिकाणी कशी दिलीय हे त्यांच्याबरोबर बघा, मुलं फार पटकन पकडतात.

तक्रार करून काही होतं का?

दरवेळी नाही, पण न करण्यापेक्षा खूप जास्त होतं. "तुमचं चॅनेल घाणेरडं आहे" असं लिहिलं तर कोणी वाचत नाही. तारीख, वेळ, लिंक किंवा स्क्रीनशॉट, नेमकं कोणतं वाक्य चुकीचं, बरोबर काय आणि त्याचा पुरावा, असं लिहा. आधी संपादकाकडे, उत्तर नाही आलं तर प्रेस कौन्सिल किंवा प्रसारण नियामकाकडे, बहुतेक लोकशाही देशांत अशी काहीतरी व्यवस्था असते. मुदत असते, म्हणून उशीर करू नका.

दुसरा रस्ता जाहिरातदारांचा. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या पेपरने खून झालेल्या एका मुलीचे फोनमधले व्हॉइसमेल चोरून ऐकल्याचं बाहेर आलं, लोकांनी जाहिरातदारांवर प्रश्नांचा भडिमार केला, मोठमोठ्या कंपन्यांनी काही दिवसांत जाहिराती काढल्या आणि १६८ वर्षं चाललेला पेपर त्याच आठवड्यात बंद झाला. तिथे गुन्हा फार मोठा होता हे खरं, पण दाब कुठे द्यायचा ते त्यातून कळतं.

आणि चांगलं काम दिसलं तर तेही कळवा. रिपोर्टरला दोन ओळींची मेल. न्यूजरूममध्ये फक्त क्लिक दिसतात, वाचकाचं पत्र दाखवून एखादा संपादक वरच्यांशी भांडू शकतो.

बातमीसाठी पैसे का द्यायचे? फुकट मिळते की.

फुकट बातमीचे पैसे जाहिरातदार देतो, आणि त्याला तुमचं लक्ष हवं असतं, तुम्हाला काय कळलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. परवडत असेल तर एका तरी चांगल्या ठिकाणाची वर्गणी भरा. नसेल परवडत तर अपराधी वाटून घ्यायची गरज नाही, लायब्ररी आहे. पैसे घेणारे सगळे चांगलेच असतात असंही नाही, वर्गणीदाराला जे ऐकायला आवडतं तेच ऐकवत राहण्याचा धोका तिथेही आहे.

सरकारने कायदा करून हे बंद का करू नये?

कारण "सनसनाटी" कोण ठरवणार? जे सरकारला झोंबतं ते सनसनाटी ठरायला वेळ लागत नाही. खोट्या बातम्यांविरुद्धचे कायदे वापरून पत्रकारांनाच आत टाकल्याची उदाहरणं बऱ्याच देशांत आहेत. नेमके, छोटे नियम वेगळे. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने खटला चालू असताना त्यावर परिणाम होईल असं छापता येत नाही, आणि निर्णय कोर्ट करतं, मंत्री करत नाही. ओलीसनाट्य चालू असताना थेट प्रक्षेपण नको, लहान मुलांची ओळख उघड करायची नाही, असे नियम मला योग्य वाटतात. बाकी दुरुस्ती छापायची तर मूळ बातमीएवढ्याच मोठ्या अक्षरात, हे मात्र व्हायलाच पाहिजे असं मनापासून वाटतं.

मी छोटं न्यूज पेज चालवते, भडक हेडलाईन नाही दिली तर कोणी उघडतच नाही. काय करू?

अडचण खरी आहे. हेडलाईन आकर्षक असायला हरकत नाही, तिने दिलेला शब्द आतल्या मजकुराने पाळला पाहिजे एवढंच. गूढ ठेवण्यापेक्षा सगळ्यात उपयोगी माहिती वरच द्या, "या भागात पाणी दोन दिवस नाही" ही हेडलाईन "धक्कादायक" न म्हणताही लोक उघडतात कारण त्यांना ती लागते. आकडा दिला तर त्याच्यासोबत मागच्या वर्षीचा आकडा द्या. आरोपीला आरोपी लिहा. आणि प्रश्न मांडला की त्यावर कुठे काय करून बघितलं, ते किती चाललं, कुठे फसलं, हेही शोधा, हे काम वेळ खातं पण असे लेख लोक साठवून ठेवतात.

माझ्याकडून चुकीची बातमी शेअर झाली, आता?

नुसती डिलीट करू नका. ज्यांनी वाचली त्यांच्या डोक्यात ती राहिलेलीच असते आणि काहींनी पुढेही पाठवलेली असते. जिथे शेअर केली तिथेच लिहा की ती चुकीची होती, आणि बरोबर काय ते आधी लिहा, चूक नंतर आणि एकदाच, म्हणजे परत तीच वाक्यं पसरत नाहीत. सोबत लिंक द्या. बातमी कुणा माणसाबद्दल असेल तर त्याचं नाव परत न घेता लिहिता येतंय का बघा, आणि ज्यांनी तुमच्याकडून घेऊन पुढे पाठवली असेल त्यांना एकेकाला मेसेज करा.